मुले सोबत नसताना एफ्टेलिंग

नेदरलँड्समधील एफ्टेलिंग या मनोरंजन उद्यानात जायचे ते घरातल्या मुलांसाठी, अशी आइंडहोव्हनमधील आमच्या मराठी मंडळींची समजूत आहे. कोल्हापूरहून आई आली तेव्हा आमच्याकडे लहान मूल कोणीच नव्हते, तरीही मी तिला तिथे न्यायचे ठरवले. तिचे गुडघे दुखतात, पण आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवलेली असल्यामुळे हाताने घडवलेली चांगली वस्तू दिसली की ती तिथून लवकर हलत नाही. दिवसाची सगळी आखणी मी तिचा हा स्वभाव धरूनच केली.

डच शाळांच्या सुट्ट्या टाळून आठवड्याच्या मधल्या वारी तिकिटे काढली आणि टिलबर्गपर्यंत रेल्वेने व तिथून बसने उद्यानाचे गाव काट्सहोव्हेल गाठले. सकाळी दारे उघडताच बहुतेक तरुण मंडळी मोठ्या रोलर कोस्टरकडे धावतात. आम्ही मात्र सरळ परीकथांच्या वनात शिरलो. चित्रकार आन्टोन पीक यांनी चितारलेले आणि पीटर रेइंडर्स यांनी यंत्रांच्या साहाय्याने हलते-बोलते केलेले हे वन १९५२ मध्ये खुले झाले, तेव्हा त्यात १० कथा होत्या. मूल बरोबर असले की ते हात धरून पुढच्या कथेकडे ओढते आणि आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहतो. इथे मला पहिल्यांदाच त्या घरांकडे पाहायला सवड मिळाली. एका झोपडीसमोर आई कितीतरी वेळ थांबली. छपराची कड लाटेसारखी खालीवर होत गेलेली, कौलांवर शेवाळ, खिडकीची चौकट किंचित कललेली. ती म्हणाली, “अगं, ही भिंत मुद्दाम ओळंब्याबाहेर ठेवली आहे. पीकांनी रेघ हातानेच मारली असणार, आणि बांधणाऱ्याने ती पट्टी लावून सरळ केली नाही.” चित्रातली वाकडी रेघ विटांमध्ये तशीच वाकडी उतरवणे किती अवघड असते, हे मला तिच्यामुळे कळले. लांगनेक नावाच्या, परीकथेतल्या लांब मानेच्या सेवकाची मान सावकाश वर चढू लागली तेव्हाही ती त्याच्या तोंडाकडे न पाहता मान खांद्यांतून कशी निघते तेच निरखत होती.

‘इंडियन वॉटर लिलीज’ हे गुहेतले दृश्य १९६६ चे आहे. बेल्जियमच्या राणी फाबिओला यांनी लग्नापूर्वी लिहिलेल्या एका परीकथेवर ते आधारलेले आहे. बेडूक वाद्ये वाजवतात, कमळे उमलतात आणि त्यांतून नर्तिका बाहेर येतात. युरोपीय कल्पनेतला हा भारत आमच्या ओळखीचा नव्हता, तरी अंधारातल्या पाण्यावर प्रकाश जिथे जिथे पडत होता त्या जागा फार विचाराने निवडलेल्या होत्या आणि आईने पुढचा खेळही तिथेच उभे राहून पाहिला.

दुपारी घरून नेलेली थालीपिठे खाऊन आम्ही ड्रूमफ्लुख्तच्या रांगेत उभे राहिलो. १९९३ च्या या सफरीत वरच्या रुळाला टांगलेल्या पाळण्यांतून पऱ्यांच्या राज्यावरून तरंगत जायचे असते. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी हीच सफर मी सर्वांत आधी सुचवेन, कारण एकदा बसल्यावर काहीच करावे लागत नाही. फक्त शेवटी पाळणा गोल वळणे घेत खाली उतरतो तेव्हा वेग थोडा वाढतो, हे आधी सांगून ठेवावे.

व्हिला व्होल्टाची धास्ती आईला होती. तिथे माणसे समोरासमोर बाकांवर बसतात आणि सगळे घर आपल्यासकट उलटेपालटे होत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात बाक थोडेसेच झुलतात. फिरते ती भोवतालची खोली, भिंती आणि छतासह. डोळे खोलीवर विश्वास ठेवतात आणि शरीर बाकावर, त्यामुळे पोटात गोळा येतो. हे तिला आधीच समजावून सांगितले होते, आणि गरगरू लागले तर डोळे मिटून घे, भास तिथल्या तिथे थांबेल, असेही. तिने ते करूनही पाहिले, आणि मग मुद्दाम पुन्हा उघडून पाहिले. यंत्रणा माहीत असली की मजा जाते असे अनेकांना वाटते. माझ्या मते मोठ्या माणसाची मजा त्या माहितीनेच वाढते, कारण सगळे ठाऊक असूनही शरीर कसे फसते ते आपल्याला स्वतःवरच पाहता येते.

बॅरन १८९८ या रोलर कोस्टरसाठी मी एकटीच गेले. एकट्याने येणाऱ्यांची वेगळी रांग असते. गाडीत एखादी जागा रिकामी राहिली की तिथे बसवतात. मुलांसोबतच्या पालकांना ती क्वचितच उपयोगी पडते, पण मोठ्यांना त्या रांगेने पुष्कळ वेळ वाचवता येतो. खाणकामगारांच्या इमारतीतून गाडी ३० मीटर उंचीवर चढते, काठावर येऊन काही क्षण थबकते आणि मग सरळ खाली जमिनीतल्या विवरात शिरते. त्या थबकण्यात पाय अधांतरी असतात आणि झाडांच्या शेंड्यांपलीकडचा सपाट ब्रबांट प्रांत दूरवर दिसतो. मी पोटभर ओरडले. शेजारी बसलेले पांढऱ्या केसांचे डच गृहस्थही तितक्याच जोराने ओरडत होते.

फाटा मोर्गाना आणि सिंबोलिका या सफरी आम्ही वेळेअभावी सोडल्या, कारण संध्याकाळी आईला परीकथांच्या वनात पुन्हा जाऊन त्या झोपडीचे रेखाचित्र काढायचे होते. उद्यान हिवाळ्यातही उघडे असते, तेव्हा राहिलेल्या दोन्ही सफरी मी डिसेंबरात करणार आहे, आणि त्या वेळीही सोबत मोठी माणसेच असतील.