दोन खोकी अन् तीन खुंट्या

परभणीत माझं कॉम्प्युटर असेंबलिंग-रिपेअरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची बाहेरची पेटी, घेताना लाइट बघतं, फॅन किती ते मोजतं, काच हवी म्हणतं, पण खोकं कसंय अन् सोबत काय काय आलंय हे कोणी विचारत नाही. मुंबई इथून ५०० किलोमीटरच्या वर आहे, माल रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीत येतो, वर कोणाचं काय रचलेलं असतं देव जाणे, अन् सकाळी हमाल घाईत जसं उतरवल तसं उतरतं. म्हणून मी तरी आधी खोकंच बघतो.

त्या दिवशी दोन कॅबिनेट आले होते, दोन्ही जवळपास एकाच किमतीचे. एक गंगाखेडच्या पोरासाठी. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याची जुनी मशीन ऐन लग्नसराईत बसली होती अन् तो सकाळच्या एसटीनं येऊन माझ्या आधी दुकानाच्या पायरीवर बसलेला.

त्यानं पसंत केलेलं खोकं उचललं तर आत छन्न वाजलं. मी तिथंच थांबलो, मोबाइल त्याच्या हातात दिला, म्हणलं आधी चारी बाजूनं व्हिडिओ काढ, मग कटर लावतो, कारण न उघडलेल्या खोक्यापासून सलग व्हिडिओ नसला तर सप्लायर ऐकून घेत नाही. उघडलं तर कोपऱ्याचा थर्माकोल मोडून त्याचा पार चुरा झालेला, अन् बाजूची टेम्पर्ड काच, तिचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे पार पुढच्या फॅनच्या पात्यात जाऊन बसलेले. या काचेचं असंच आहे, मधोमध मार सोसते पण कडेला ठोका बसला की सगळी एकदम जाते. अन् त्या कंपनीनं काच बॉडीलाच कसून पाठवली होती, कडेला बोटभर थर्माकोल, बस. पोराचं तोंड उतरलं. मला लई वाईट वाटलं, चूक ना त्याची ना माझी.

दुसरं खोकं उघडलं अन् जीवात जीव आला. थर्माकोल नाहीच, पांढरा मऊ फोम, दाबला की परत वर येणारा. काच वेगळी काढून दोन फोमच्या मधे, दोन्ही बाजूंनी फिल्म चिकटवलेली. त्याला म्हणलं हे घे, लाइट कमी आहेत पण बॉडी मजबूत आहे. तो हो म्हणला.

आता सामानाची पुडी. इथं मात्र याच कंपनीनं हात आखडलेला, सगळे स्क्रू एकाच पिशवीत खिचडी केलेले. त्याचा मदरबोर्ड मायक्रो एटीएक्स मापाचा, २४४ बाय २४४ मिलिमीटरचा. बोर्डाला जिथं भोक तिथंच खाली पितळेची खुंटी पाहिजे, स्टँडऑफ म्हणतात ते. भोक नसलेल्या जागी खुंटी राहिली तर ती बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकती अन् शॉर्ट होतं, म्हणून नको त्या आधी काढल्या, पाहिजे तिथं लावत गेलो, तर तीन कमी पडल्या. फुटलेल्या कॅबिनेटच्या पुडीत होत्या, पण तिला हात लावता येईना, परत पाठवताना एक स्क्रू जरी कमी दिसला तरी सप्लायरला बोलायला जागा होते.

मग माझा जुना बिस्किटाचा डबा काढला, १० वर्षांचे स्क्रू आहेत त्यात. दोघं मिळून ते टेबलावर पसरून बसलो. आटे दोन जातीचे असतात, बारीक आट्याचा एम३ अन् जाड आट्याचा ६-३२, डोळ्याला सारखेच दिसतात. एम३ चा स्क्रू जाड आट्याच्या खुंटीत ढिला फिरत राहतो अन् उलटं केलं तर आटे मरतात. म्हणून प्रत्येक खुंटी बोटानं दोन फेरे फिरवून बघायची, गुळगुळीत गेली तरच पाना लावायचा. पाऊण तासानं तिसरी सापडली ती त्या पोरालाच सापडली.

बाकी फिटिंगला वेळ लागला नाही. पुडीत एक छोटा काळा स्पीकर होता, हल्ली बरेच जण तोही देत नाहीत. तो लावला, बटण दाबलं, एकच बारीक बीप आला, म्हणजे मशीन नीट चालू झाली. त्या पोरानं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, मग त्यानं खुर्चीला पाठ टेकली.

निघताना ग्राफिक कार्ड काढून त्याच्या डब्यात दिलं, काच परत फोममधी घातली अन् सगळं त्याच खोक्यात भरलं. म्हणलं खोकं फेकू नको, अन् काच लावताना ती नुसत्या फरशीवर ठेवू नको, खाली काहीतरी जाड अंथर.

रात्री साडेनऊला फोन आला. मागं घरातल्यांचा आवाज येऊ लागला होता.

"दादा, बसली काच. आईची वाकळ अंथरली होती खाली."

म्हणलं, कार्ड लावलं का नीट? तर म्हणला, "हाव, व्हिडिओ रेंडरला बी टाकलाय."