जंगलाजवळ घर का नाही घेतलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न वर्षातून चार-पाचदा तरी येतोच. ‘झाडापक्ष्यांचं एवढं वेड तुम्हाला, सुट्टी मिळाली की दुर्बीण गळ्यात अडकवून निघता, मग राहता मात्र भर वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर? जंगलाच्या कडेला छोटंसं घर का नाही बांधलंत?’ विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी कीव असते. त्याला वाटतं, पैसे पुरले नसतील, नाहीतर नवरा अडून बसला असेल.

दोन्ही खरं नाही. नवरा तर माझ्याआधी तयार होता.

अठरा वर्षांपूर्वी आम्ही तशी जागा बघायला गेलो होतो. डोंगरउतार, वरच्या अंगाला राखीव जंगलाची हद्द, खाली पावसाळ्यात वाहणारा ओढा. गाडीतून उतरल्या उतरल्या मी मनातल्या मनात ओटा कुठे, झोपाळा कुठे हे ठरवूनसुद्धा टाकलं. जागा दाखवणारा माणूस उत्साही होता. हात फिरवत म्हणाला, “ताई, ही मधली झाडं सगळी काढून देतो. व्ह्यू एकदम मोकळा होईल.”

नवऱ्यानं एका वाळक्या खोडाकडे बोट दाखवलं. “आणि हे?”

“ते तर पहिलं जाणार, साहेब. उद्या अंगावर पडायचं.”

त्या खोडात डोक्याच्या थोडं वर एक ढोली होती आणि ढोलीच्या तोंडाशी पिंगळा बसला होता. भरदुपारी, अर्धा आत, अर्धा बाहेर. त्यानं आम्हाला पाहिलं, मान खालीवर केली, पुन्हा पाहिलं. पिंगळे असंच करतात, त्यात माझ्यासाठी खास काही नव्हतं. पण मी ओट्याचा विचार करायची थांबले.

तरीही मी विचारलं, बाकीचे प्लॉट कुणी घेतलेत? तो खुशीत म्हणाला, “सगळी तुमच्यासारखीच मंडळी, ताई. सगळी निसर्गप्रेमी. चाळीस प्लॉट आहेत, तीस गेले.”

परतताना गाडीत कुणी बोललं नाही. मी मनाशी मोजत होते. चाळीस घरं म्हणजे रस्ता आला. रस्त्यामागून विजेचे खांब, खांबांवर दिवे, दिव्यांवर रात्रभर घिरट्या घालून मरणारे पतंग. कुंपणं आली. एकटं घर म्हणून प्रत्येकाचा एक कुत्रा, काहींची मांजरंही. मांजर मला फार आवडतं, पण पुढे 2013 साली अमेरिकेत शास्त्रज्ञांनी अंदाज काढला तेव्हा तिथल्या मांजरांच्या नावावर वर्षाला मारलेले 130 ते 400 कोटी पक्षी निघाले. आणि आम्ही दोघं त्या चाळिसांत एकेचाळिसावे शहाणे ठरणार नव्हतो. आमच्या घरालाही मोठ्या काचा हव्याच होत्या की, जंगल दिसायला! काचेत आभाळ दिसतं म्हणून पक्षी तिच्यावर आपटतात, हे माहीत असून.

जंगलाचा काठ नकाशावर रेघ दिसतो. प्रत्यक्षात तो चांगला रुंद पट्टा असतो. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ 1979 पासून हेच तपासलं जातंय. तिथे सलग जंगल तोडलं जात असताना एक, दहा आणि शंभर हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखले आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. काठानं ऊन आणि वारा आत शिरतो, जमीन सुकते, मोठाली झाडं उन्मळतात. यातले बरेचसे परिणाम पहिल्या शंभर मीटरांत दिसतात. मी त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. एक हेक्टरचा चौकोन म्हणजे शंभर बाय शंभर मीटर, म्हणजे तो सगळा काठच. दहा हेक्टरच्या चौकोनाची बाजू सुमारे 316 मीटर. चारही बाजूंनी शंभर-शंभर वजा करा, आत खरं जंगल उरतं जेमतेम 1.35 हेक्टर. पुढे 2015 साली जगभरच्या जंगलांचा हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात जगातलं 70 टक्के जंगल काठापासून एक किलोमीटरच्या आत असल्याचं दिसलं. आमचा प्लॉट काठाला नव्हता, आम्हीच काठ होणार होतो.

आम्ही जागा घेतली नाही. त्यानं काही वाचलं अशा भ्रमात मी नाही. ती दुसऱ्या कुणीतरी घेतलीच असणार. पिंगळ्याचं काय झालं ते बघायला मी परत गेले नाही, आणि याबद्दल मला फारसा अभिमानही नाही.

मग आवडीचा घर निवडण्यावर काहीच परिणाम झाला नाही का? झाला की. त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

लहानपणी आमच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली होती आणि तिला सुगरणीची घरटी लटकायची. मी तासन्‌तास काठावर बसून बघायची. नाव सुगरण, बाईचं, पण विणतो नर. पात्याच्या धाग्यांनी अर्धं घरटं विणतो, उलट्या टोपीसारखं, मधे एक आडवा पट्टा, आणि मग पंख फडफडवत ओरडत सुटतो. मादी येते, आत शिरते, इकडेतिकडे बघते. पसंत पडलं तर तो पुढचं विणतो, नाहीतर ते अर्धवटच लोंबकळत राहतं. मला तेव्हा वाटायचं, वीण बघत असेल. पुढे कळलं की अभ्यासकांना वेगळंच दिसलंय: ती विणकामापेक्षा घरटं कुठे टांगलंय ते जास्त बघते. किती उंच, कुठल्या झाडावर, फांदी कशी.

आम्ही वस्तीत घरं बघायला लागलो तेव्हा माझं तसंच झालं. एजंट फरशी दाखवायचा, ओट्याचा दगड दाखवायचा, मी सरळ खिडकी गाठायची. चौदा घरं पाहिली. नवरा वैतागून म्हणाला, “तू घर बघतेस की बाहेर बघतेस?” पंधराव्या घराच्या खिडकीत उंबर होता. घरमालक माफी मागितल्यासारखा म्हणाला, “या झाडाचा जरा त्रास आहे. अंधार येतो, चिलटं येतात.” मी मागं वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं सुस्कारा सोडला आणि कागदपत्रांचं विचारायला लागला.

हा उंबर वर्षातून अनेकदा फळतो. खोडालाच घोस लागतात. उंबराचं फूल दिसत नाही म्हणून आपण दुर्मीळ माणसाला ‘उंबराचं फूल’ म्हणतो, पण फुलं असतात, शेकड्यांनी, फळाच्या आत तोंडं करून. त्यांच्यासाठी येते एक चिमुकली गांधीलमाशी, चिलटाएवढी. फळाच्या टोकाच्या भोकातून ती घुसते, त्या ओढाताणीत तिचे पंख तुटून जातात. आत अंडी घालते, आणलेला पराग फुलांना लागतो आणि ती तिथेच मरते. तिचे मुलगे बिनपंखांचे निपजतात, माद्या पराग घेऊन दुसरं फळ शोधायला उडतात. पहिल्या वर्षी मी बाल्कनीत पडलेलं एक उंबर फोडलं आणि भिंगातून बघत बसले. दूध उतू गेलं. उंबर पिकलं की दिवसा तांबट आणि बुलबुल, रात्री वटवाघळं. खाली गाड्यांच्या टपांवर लाल चिखल. सगळ्या इमारतीचा राग माझ्यावर, जणू झाड मीच लावलंय.

एका डॉक्टर मैत्रिणीनं मला एक हत्यार दिलं. 1984 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास: पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या विटांची भिंत. झाडवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. मी हे आकडे शेजाऱ्यांच्या बैठकीत ऐकवले. एका काकांनी शांतपणे विचारलं, “आणि गाडी धुवायला किती दिवस लागतात?” आकड्यांनी माणसं हलत नाहीत.

मला स्वतःला डार्विनची गोष्ट जास्त पटते. ब्राझीलच्या जंगलानं ज्याला वेडं केलं होतं, तो जगभर फिरून आल्यावर कुठल्या जंगलात राहायला गेला नाही. 1842 साली लंडनपासून सोळा मैलांवरच्या एका साध्या खेड्यात त्यानं घर घेतलं आणि मरेपर्यंत, चाळीस वर्षं, तिथेच राहिला. तिथे त्यानं तीन फूट बाय दोन फूट जमीन खणून साफ केली आणि उगवणारं तण मोजलं. 357 रोपं उगवली, त्यातली 295 मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांनी खाऊन. एकाच उंबराला काही दिवसांनी कंटाळेन की काय, अशी धास्ती पूर्वी वाटायची, ती हे वाचल्यावर गेली.

जंगलाची ओढ मेलेली नाही. पावसाच्या पहिल्या रात्री खाली हॉर्न वाजतात तेव्हा तो ओढा आठवतो आणि जीव जळतो. महिन्यातून एकदा जाते, दिवसभर पायी फिरते, अंधाराच्या आत निघते. त्यापेक्षा जास्त माझं तिथे काही काम नाही.

सध्या भांडण एका वाळक्या फांदीवरून आहे. तिच्या खालच्या अंगाला तांबटाची जोडी भोक कोरतेय, आणि फांदी नेमकी गाड्या लावायच्या जागेवर. लेखी तक्रार आली, कापा म्हणून. मी पिल्लं उडेपर्यंतची मुदत मागितली. काका म्हणाले, “पडली तर कुणाच्या गाडीवर पडेल?” नवऱ्यानं चावी काढली आणि आमची स्कूटर नेऊन फांदीखाली लावली. आता तिथे दुसरं कुणी काही लावत नाही. सकाळी सीटवर लाकडाचा भुसा दिसला की मी तो झटकत नाही लगेच, आधी वर बघते.