चिखलातला घोडा

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये. ‘अ डे अॅट द रेसेस’ पुन्हा पाहिला. ग्राउचो, चिको, हार्पो या अमेरिकी विनोदवीर मार्क्स बंधूंचा सिनेमा, १९३७ सालचा. शेवटच्या शर्यतीला दर वेळी पोट धरधरून हसते. आज हसता हसता मध्येच गप्प झाले.

गोष्ट साधीच आहे. ज्यूडीचं आरोग्यधाम कर्जात बुडालंय आणि शेजारच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाचा मालक मॉर्गन याला ते घशात घालायचंय. तिच्या प्रियकरानं, गिलनं, साठवलेली सगळी पुंजी हाय-हॅट नावाचा शर्यतीचा घोडा विकत घेण्यात घातलीय. हा घोडा आधी मॉर्गनकडे होता. मॉर्गनचा आवाज नुसता कानावर पडला तरी बिथरतो, समोर येईल ते कुंपण ओलांडून पळत सुटतो. तेव्हा कुठे सगळ्यांना कळतं, की याचं खरं बळ उड्यांत आहे. मग अडथळ्यांच्या शर्यतीत हार्पो त्याच्यावर स्वार होतो, आणि बाकीची मंडळी मॉर्गनचाच आवाज त्याला ऐकवायच्या खटपटीला लागतात.

आजवर मला ती नुसती युक्ती वाटायची. आज वाटलं, अरे, हा जिंकायला धावतच नाहीये. हा जीव घेऊन पळतोय. ज्यानं छळलं त्याच्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं. आणि त्या पळण्यावर इतक्या जणांचा संसार तरून जातो. फार वेळ घशाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं.

मग तो चिखल. हाय-हॅट आणि मॉर्गनचा घोडा दोन्ही पडतात, दोन्ही स्वार पडतात, घाईत जो ज्याच्या हाती लागेल त्यावर बसतो. रेषा ओलांडली जाते आणि जल्लोष मॉर्गनच्या नावानं होतो. ज्यूडीचा चेहरा पडतो. आणि मग हार्पोच्या ध्यानात येतं, की घोड्यांची अदलाबदल झालीय, पहिला आलाय तो हाय-हॅटच! हार्पो तर अख्ख्या सिनेमात एक शब्द बोलत नाही. एवढी मोठी बातमी त्या मुक्या माणसाकडे यावी, हे मला फार आवडतं. तेवढाच तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिला.

शेवटी सगळे गात चालत येतात. आरोग्यधामात माणसांचा डॉक्टर म्हणून मिरवणारा ग्राउचो तिथल्या श्रीमंत रुग्ण अपजॉनबाईंना कबुली देतो, की आपण खरोखरच घोड्यांचे डॉक्टर आहोत, आणि त्याच दमात लग्नाची मागणीही घालतो. गोड आहे ते. माझी नजर मात्र घोड्यालाच शोधत होती. कुणी त्याच्या मानेवरचा चिखल पुसला का, तेवढंच पाहायचं होतं.