जेवायच्या वेळी फुलेरा

सांगली-साताऱ्याकडच्या गावात टीव्ही सोप्यात असतो आणि जेवणंही बहुतेक तिथंच होतात. त्यामुळे जे लागेल ते आजीपासून चौथीतल्या पोरापर्यंत सगळ्यांच्या ताटात पडतं. ‘पंचायत’ ही हिंदी मालिका २०२० मध्ये आली. विषय फुलेरा नावाच्या गावातल्या ग्रामपंचायतीचा, उघडंवाघडं काही नाही, म्हणून ती घरोघर बिनधास्त लागते. पहिला ठसका शिवीला लागतो. रिमोट हातात धरून बसल्याचा उपयोग नाही; शिवी वाक्याच्या मध्येच येते, आवाज कमी करेपर्यंत होऊन गेलेली असते. शिवाय हिंदी शिवी पोरांना मराठीपेक्षा लवकर पाठ होते, का कोण जाणे.

इंटरनेटवरच्या मालिकांसाठी केंद्रानं केलेल्या २०२१ च्या नियमांप्रमाणे सुरुवातीला कोपऱ्यात वयाची पाटी येते: यू, मग ७+, १३+, १६+ आणि शेवटी ए. १३+ पासून पुढं पिन टाकून कुलूप लावायची सोय द्यावी लागते. ही पाटी वाचावी. पण ती पोराचं वय मोजते, प्रश्न मोजत नाही. पहिल्या सीझनमध्ये भिंतीवर रंगवलेल्या एका घोषणेत दोनपेक्षा जास्त मुलांची तुलना थेट मूळव्याधीशी केलेली आहे. भाकरी मोडता मोडता त्याचा अर्थ कोण सांगणार?

आजीला वेगळं भाषांतर लागतं. प्रधान म्हणजे सरपंच, डीएम म्हणजे कलेक्टर, सचिव म्हणजे आपला ग्रामसेवक. (२०२४ पासून कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी, गावाच्या तोंडी अजून भाऊसाहेबच.) ऑफिसात बाटल्या उघडून बसलेली मंडळी दिसली की आजी भाषांतराची वाट बघत नाही.

तिसऱ्या सीझनच्या शेवटी गोळी झाडली जाते, चौथा सगळा निवडणुकीचा. ते मोठ्या पोरांनी बघायला हरकत नाही. जपायचं ते दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागाला. हसत हसत चाललेली गोष्ट तिथं अचानक तिरंग्यात गुंडाळलेली शवपेटी आणते. पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या एकट्या गावानं ४६ जवान गमावले. अशा जिल्ह्यात, ज्या घरातलं कुणी आज सीमेवर आहे, तिथं हा भाग न सांगता लावू नये. घरातल्या एकानं आधी बघून ठेवावा.

आणि खरी अडचण तर पोरांची नाहीच. फुलेऱ्यात प्रधान मंजूदेवी, पण कारभार नवऱ्याचा. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत आणि ‘सरपंचबाईंचे मालक’ हे पद कुठल्याच कायद्यात नसूनही जवळपास गावोगाव भरलेलं आहे. ग्रामनिधीच्या चेकवर सही लागते सरपंचाची आणि ग्रामसेवकाची. म्हणजे हिशेब चुकला तर बोलावणं बाईंना, खुर्चीत मात्र मालक. पहिल्या सीझनच्या शेवटी प्रजासत्ताक दिनाला मंजूदेवी स्वतः राष्ट्रगीत म्हणायला उभ्या राहतात, तेव्हा सोप्यात सुनेचा हात ताटात थांबतो आणि सासरे पाणी मागतात. त्यांच्यासाठी कोपऱ्यात पाटी नसते. तरी, किंवा म्हणूनच, हा भाग सगळ्यांनी मिळून बघावा. शिव्यांचं काय ते सोसावं.

वेळेचं मात्र जमवावं लागेल. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. ठराव ग्रामसभेचा. तिथं पंचायतीवरची मालिका बघायची तर पंचायतीनं दिलेल्या वेळेतच, साडेआठनंतर. एक भाग बहुधा अर्ध्या-पाऊण तासाचा. धाकटं तोवर पेंगुळतं आणि बाटल्या उघडेपर्यंत झोपलेलं असतं.