मडगावातील जुनी आर्चटॉप गिटार
मडगावातील एका वादकाच्या घरी गिब्सन कंपनीची ईएस-१७५ ही आर्चटॉप (फुगीर दर्शनी भागाची) गिटार निरखून पाहता आली. १९४९ साली बाजारात आलेल्या या मॉडेलवर १९५७ पासून हमबकर, म्हणजे गुणगुण दाबणारे दुहेरी गुंडाळीचे पिकअप (तारांच्या कंपनाचे विद्युत संकेत करणारा भाग), बसू लागले. हिच्यावर मात्र त्याआधीचे एकेरी गुंडाळीचे पी-९० पिकअप शाबूत आहे, आणि माझ्या मते तिचे खरे मोल त्यातच आहे. मेपलचे थर चिकटवून घडवलेला दर्शनी भाग सहसा तडकत नाही. परंतु गोव्याच्या दमट पावसाळ्यात थरांमधला सरस सुटण्याची भीती असते, म्हणून दर्शनी भागावरच्या ‘f’ आकाराच्या एफ-छिद्रांच्या कडा मी विशेष बारकाईने तपासल्या. त्या घट्ट आहेत. टेलपीस (तारांची खालची टोके अडकवायचा भाग) गंजला आहे, फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झिजले आहेत. दोन्हींवर इलाज आहे. लॅकरच्या चकचकीत लेपावर भेगांचे जाळे पसरले असले, तरी नवे पॉलिश चढवणे (हौशी मंडळींचा हा आवडता उद्योग) तिची किंमत घालवणारे ठरेल.