टर्मिनलमधली टोपणनावे

टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला कमांड टाइप करून हुकूम देण्याच्या खिडकीत, दिवस घालवणाऱ्या माणसाच्या बॅशआरसी फाइलमध्ये (बॅश हा त्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल, आणि ही त्याच्या आवडीनिवडींची फाइल) वर्षानुवर्षे लांब कमांडची टोपणनावे, म्हणजे एलियस, साठत जातात, आणि त्यांतले एखादे अचानक ओ देईनासे झाले की त्याची चीड घरातल्या माणसाची यावी तशी येते. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कार्यालयात नुकताच रुजू झालेला एक मुलगा अशीच तक्रार घेऊन आला. "सर, बॅकअपची कमांड मी हाताने दिली की चालते, रात्री क्रॉनमधल्या स्क्रिप्टला मात्र ती सापडतच नाही."

क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय, आणि स्क्रिप्ट म्हणजे ओळीने कमांड लिहिलेली फाइल. एखादे नाव नेमके कशाचे आहे ते सांगणाऱ्या 'टाइप' या कमांडने लगेच दाखवले की ती कमांड म्हणजे त्याने केलेला एलियस होता. एखादा नाशिककर 'गंगेवर जाऊन येतो' म्हणाला की घरच्यांना रामकुंड कळते, पण परगावच्या पाहुण्याला गोदावरी असेच सांगावे लागते. क्रॉनमधून चालणारी स्क्रिप्ट ही अशीच परगावची असते. ती बॅशआरसी वाचत नाही, आणि वाचायला लावली तरी बॅश स्क्रिप्टमध्ये एलियस उलगडत नाही, म्हणजे त्याजागी मूळ कमांड ठेवत नाही, जोवर 'एक्स्पांड एलियसेस' हा पर्याय मुद्दाम चालू केलेला नसतो.

एलियसपेक्षा फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कमांडचा गट, बरे, असे माझे मत आहे आणि बॅशच्या मार्गदर्शिकेतही जवळपास तेच लिहिले आहे. त्या मुलाने बॅशआरसीमधला एलियस काढून त्याच नावाचे फंक्शन लिहिले, फाइल पुन्हा सोर्स केली, म्हणजे चालू शेलला पुन्हा वाचायला लावली, आणि उघड्या कंसापाशी सिंटॅक्स एरर, म्हणजे रचनेतली चूक, आली. फंक्शन अक्षरन् अक्षर बरोबर होते. मात्र फाइलमधून ओळ पुसली तरी चालू शेलच्या स्मरणातला एलियस पुसला जात नाही. त्यामुळे नव्या फंक्शनचे नाव वाचताक्षणीच बॅशने त्याजागी जुनी लांबलचक कमांड ठेवली आणि तिच्यापुढे आलेल्या कंसाचा अर्थ त्याला लागेना. दुसरी खिडकी उघडली असती तर हीच फाइल निमूट चालली असती, आणि असा दोष शोधताना माणूस वैतागतो तो नेमका याच लहरीपणामुळे. स्मरणातला एलियस पुसणारी 'अनएलियस' ही कमांड दिल्यावर प्रश्न मिटला.

पुढे उत्साहाच्या भरात त्याने फोल्डर बदलणाऱ्या 'सीडी' या कमांडच्याच नावाचे फंक्शन लिहिले आणि त्याच्या पोटात पुन्हा 'सीडी'च लिहिले. फंक्शन स्वतःलाच हाका मारत राहिले आणि शेवटी शेलच कोसळले. आत 'बिल्टिन सीडी', म्हणजे शेलची मूळची सीडी, लिहिल्यावर ते ताळ्यावर आले.

बॅकअपचे फंक्शन आता वेगळ्या फाइलमध्ये आहे आणि रात्रीची स्क्रिप्ट ती फाइल आधी सोर्स करते. दोन-दोन अक्षरांचे बाकीचे लाडके एलियस बॅशआरसीतच राहिले आहेत, आणि तिथे त्यांना कोणाची हरकत नाही.