झारच्या भेटीचं सोन्याचं घड्याळ कसं तपासायचं

रशियाचा सम्राट, झार निकोलाय दुसरा याच्या राजवटीत (१८९४–१९१७) शाही कॅबिनेटकडून, म्हणजे झारच्या खासगी मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयाकडून, अधिकारी, कलावंत आणि सेवकांना सोन्याची खिशातली घड्याळं भेट मिळत. त्यांतली बरीच 'पावेल बुरे' या पेढीची. या पेढीचा कारखाना स्वित्झर्लंडमध्ये ले लॉक्लला होता. भेटीच्या घड्याळाच्या झाकणावर दोन डोक्यांचा राजगरुड असतो. लबाडीही तिथेच होते, कारण साध्या पावेल बुरेवर गरुड चढवला की किंमत कित्येक पटींनी वाढते. म्हणून गरुड सगळ्यात शेवटी बघावा.

पुढचं झाकण चावीचा गुंडा दाबला की उघडतं. बंद करतानाही गुंडा दाबून धरायचा, झाकण टेकवायचं आणि मग सोडायचं. नुसतं 'टक्' करून मिटलं तर पोलादी खटका दर वेळी सोन्याची कड घासतो आणि काही वर्षांनी झाकण मिटतच नाही. ही कड भरून काढणं सोनारालाही किचकट जातं, कारण डाग देताना शेजारची नक्षी भाजते.

आता मागचं झाकण नखाने उघडा आणि दहा पटींच्या भिंगातून शिक्के वाचा. रशियन सोन्याचा कस ९६ झोलोत्निकांवर (झोलोत्निक हे जुनं रशियन वजनी माप) मोजत. ५६ चा शिक्का म्हणजे ५६ भागिले ९६, हजारी ५८३, आपलं १४ कॅरेट. आकड्याशेजारी शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचं मुख असतं: १८९९ ते १९०८ डावीकडे पाहणारं, त्यानंतर उजवीकडे. १९०८ नंतरच्या शिक्क्यात शहरासाठी ग्रीक अक्षर येतं, पीटर्सबर्गला अल्फा, मॉस्कोला डेल्टा. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडेला धातू किंचित दबलेला दिसतो. लेसरने कोरलेला उथळ आणि तळाशी खरखरीत असतो. आतलं तिसरं झाकण कधी कधी नुसतं मुलाम्याचं असतं, ते सोन्यात धरू नका.

या आतल्या झाकणावरचा मजकूर जुन्या रशियन लिपीत हवा. व्यंजनान्त शब्दांच्या शेवटी रोमन छोट्या 'बी'सारखं, डोक्यावर डावीकडे शेंडी असलेलं चिन्ह येतं. १९१८च्या लिपीसुधारणेत ते शब्दांच्या शेवटून गेलं. 'पावेल' या नावाच्या शेवटी ते नसेल तर कोरीवकाम नंतरचं समजा.

दोन झाकणांच्या घड्याळात चावी तीनवर आणि सेकंदाची छोटी तबकडी सहावर असते. छोटी तबकडी नऊवर आली असेल, तर उघड्या, म्हणजे पुढचं झाकण नसलेल्या घड्याळाचं मशीन या केसमध्ये बसवलेलं आहे. आता गरुड बघा. झाकणाची नक्षी बोटांनी झिजून गुळगुळीत आणि गरुडाचं पीस न् पीस धारदार, हे जुळत नाही. आतल्या बाजूने डाग दिल्याचे काळपट ठिपके किंवा नंतर पॉलिश केलेला पट्टा दिसला, तर सौदा थांबवा.

खात्री पटली तरी लगेच चावी देऊ नका. जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं आणि कोरडी धुरी ज्वेलमध्ये (तिला आधार देणाऱ्या भोकाच्या खड्यात) फिरली की झिजते. जुनी निळ्या पोलादाची मेन स्प्रिंग तुटली, तर झटक्याने चक्राचे दातही जातात. आधी घड्याळजीकडून मशीन सुटं करून साफ करून घ्या. बॅलन्स (मागेपुढे डोलणारं चक्र) काढण्यापूर्वी तो मेन स्प्रिंगचा ताण सोडतो का, एवढं जरूर विचारा. चालू झाल्यावर ताशी १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, ऐकू येतात. काटे सरकवण्यासाठी काही घड्याळांत गुंड्याशेजारची बारीक पिन नखाने दाबून धरावी लागते. तिथे गुंडा ओढला तर तो हातात येतो.

घरचं सोनं रिठ्याने धुतो तसं हे धुवायचं नाही, पाणी थेट मशीनमध्ये जातं. मऊ कोरडं कापड पुरे. पॉलिश तर नकोच, त्यात शिक्के जातात. एनॅमलच्या तबकडीला अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या) टाकीत घालू देऊ नका, केसाएवढी चीर पार कडेपर्यंत धावते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पोलादी भागांवर गंज लवकर धरतो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती बदलत राहा.